अर्धशिशी, उदासी आणि साबुदाण्याच्या गोळ्या

डोंबिवलीचा फडके रोड, कल्याणचा शिवाजी चौक किंवा ठाण्याचा गोखले रोड. मान जरा वर करून चाललं की पहिल्या मजल्यावर होमिओपॅथीच्या दवाखान्याची एखादी तरी पाटी दिसतेच. पाटीवर आजारांची यादी : मायग्रेन, डिप्रेशन, केस गळणे, मूळव्याध, टॉन्सिल्स. ही यादी कोणी फार विचार करून रंगवलेली नसते. तरी त्यातली पहिली दोन नावं शेजारी असणं अगदी बरोबर आहे. अर्धशिशी असलेल्या माणसाला नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त असते, आणि नैराश्य असलेल्याला पुढे अर्धशिशी जडण्याची शक्यताही वाढते. मोठ्या डॉक्टरांकडे मात्र ही दोन दुखणी दोन वेगळ्या दारांत विभागलेली असतात. डोकं न्यूरॉलॉजिस्टकडे, मन मानसोपचारतज्ज्ञाकडे. दोन्ही एकाच बैठकीत ऐकून घेणारा बहुधा तो पाटीवालाच निघतो. त्याच्या गोळीत काय आहे आणि त्याच्या ऐकण्यात काय आहे, हे वेगळं करून पाहायला हवं. पण आधी डोकेदुखीकडे वळू.

आपल्याकडे अर्धशिशीचं निदान व्हायला वर्षं लागतात, कारण तिचं बारसं घरातच झालेलं असतं. सगळ्यात लाडकं नाव पित्त. डोकं चढतं, मळमळतं, उलटी होते, आणि ‘पित्त पडलं की डोकं उतरतं’. अनुभव खरा, अर्थ चुकीचा. झटक्याच्या वेळी जठराची हालचाल मंदावते, पोटातलं पुढे सरकत नाही, म्हणून उलटी होते. उलटीनंतर पुष्कळांना उतार पडतो हेही खरं. पण दुखण्याचा उगम पोटात नसतो. त्यामुळे वर्षानुवर्षं सकाळी अनशापोटी पित्ताची गोळी घेऊन अर्धशिशी जात नाही. दुसरं नाव सायनस, तिसरं चष्म्याचा नंबर, आणि पन्नाशीनंतर बीपी. सायनसचं म्हणून जे डोकं दुखतं त्यातलं बरंचसं अर्धशिशीच असतं, कारण झटक्यात नाक चोंदणं आणि डोळ्यांतून पाणी येणं हेही होतं. शिवाय नाव अर्धशिशी असलं तरी दुखणं दर वेळी अर्ध्याच डोक्यात असेल असं नाही.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या तज्ज्ञांनी त्या शहरात आणि भोवतालच्या गावांत घरोघर जाऊन केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेले प्रौढ तिच्यात २५ टक्क्यांच्या आसपास निघाले. जगाची सरासरी १४-१५ टक्के धरतात. बायकांत हे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट असतं. हा हिशेब ठाणे-कल्याणला लावला तर सकाळच्या लेडीज स्पेशलच्या प्रत्येक डब्यात अशा कितीतरी जणी उभ्या असणार.

कारण आणि निमित्त यांची गल्लत सगळेच करतात, डॉक्टरसुद्धा. कारण मेंदूत आहे, आणि ते बरंचसं वारशाने येतं; जुळ्यांच्या अभ्यासांवरून निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा मानतात. विसाव्या शतकात बराच काळ समज असा होता की डोक्यातल्या रक्तवाहिन्या आधी आकुंचतात, मग फुगतात, आणि म्हणून ठणका लागतो. अमेरिकेतल्या हॅरॉल्ड वुल्फ यांनी तो रूढ केला. आता चित्र बदललं आहे. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणाची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस चेतवली जाते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं प्रथिन सुटतं, आवरणातल्या वाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचा संदेश वाढत जातो. हे उलगडणाऱ्या एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन या चौघांना २०२१चं ब्रेन प्राइझ मिळालं. काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसतात. त्या वेळी मेंदूच्या पृष्ठावरून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने एक लाट सरकत असते. ब्राझीलच्या लेआव यांनी १९४४मध्ये ती प्राण्यांच्या मेंदूत नोंदली होती. माणसाच्या रेघांशी तिचा संबंध लागायला पुढे काही दशकं गेली.

असा मेंदू बदलाला चटकन बिथरतो. झोप कमी झाली तरी बदल, जास्त झाली तरी बदल. निमित्तं ही अशी असतात, आणि ती एकेकटी क्वचित पुरतात. आठच्या फास्ट लोकलचा डबा डोंबिवलीलाच कोंबून भरलेला असतो. ठाण्याला चढलेल्या शेवटच्या माणसामुळे गर्दी झाली असं कोणी म्हणत नाही. झटक्याचंही तसंच. अपुरी झोप, टळलेला नाश्ता आणि पाळीचे दिवस एकत्र येतात आणि वर एखादी अगरबत्ती पुरते. मग बोट दाखवलं जातं ते अगरबत्तीकडे.

आमच्या पट्ट्यातली निमित्तं पुस्तकातल्या चीज आणि रेड वाइनच्या यादीपेक्षा फार वेगळी आहेत. पहिला नंबर उपाशीपणाचा. कल्याणहून सीएसएमटी ५४ किलोमीटर. जलद गाडीनेही तास-सव्वा तास. साडेसहाला घर सोडणारी बाई डबे भरते सगळ्यांचे, स्वतः चहावर निघते आणि अकराला ऑफिसात पहिला घास खाते. त्यात संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, आणि नवरात्राचे नऊ दिवस. उपास सोडायला चंद्रोदयाची वाट पाहायची आणि चंद्र दिसण्याआधी कपाळ ठणकायला लागायचं, हे घराघरांत घडतं. पहाटे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाल्ली की अर्धशिशी जाते, हा जुना घरगुती उपाय ऐकायला गमतीदार वाटतो. पण रात्रभराच्या उपाशीपणानंतर कोणी पहाटेच पोटात काही ढकलत असेल तर काही जणांना फरक वाटला असेल, यात मला नवल वाटत नाही. आयुर्वेदात अर्धावभेदक आणि सूर्यावर्त अशी दोन नावं आहेत. दुसरं सूर्याबरोबर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या दुखण्याचं.

दुसरं खास आपलं निमित्त म्हणजे डोक्यावरून न्हाणं. परदेशी पुस्तकांत ते शोधून सापडायचं नाही. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६मध्ये ‘सेफॅलाल्जिया’ या नियतकालिकात ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं मांडली : केस धुतल्यावर ठरावीक वेळात यांचं डोकं दुखायला लागे. लांब ओले केस, ते वाळेपर्यंतचा वेळ, आणि ही कटकट नको म्हणून रविवारवर ढकललेलं न्हाणं. आजीला हे ठाऊक होतं, पण ते नोंदलं गेलं या शतकात.

वासाचं तर विचारू नये. तीव्र वास सहन न होणं हे अर्धशिशीचं इतकं ठळक लक्षण आहे की साध्या डोकेदुखीपासून ती वेगळी ओळखायला त्याचा उपयोग होतो. डोंबिवली एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना रासायनिक वासाची कथा सांगायला नको. २०१४च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला होता, २०२०मध्ये रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांना पाहायला यावं लागलं. रात्री-अपरात्री खिडक्या लावून घ्याव्या लागतात तेव्हा मेंदू आधीच बिथरलेल्या माणसाचं काय होत असेल, हा प्रश्न प्रदूषणाच्या बैठकांत कधी निघत नाही. निघायला हवा.

निमित्तांच्या यादीत एक सापळाही आहे. झटका येण्याआधी काही तास ते दोनेक दिवस काही जणांना जांभया येतात, मान आखडते, वारंवार लघवीला होते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. मेंदूत झटका तेव्हाच सुरू झालेला असतो. दुखणं नंतर येतं. चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं असं जे वाटतं, तिथे पुष्कळदा झटका सुरू झाला होता म्हणून चॉकलेट खावंसं वाटलेलं असतं. मान आखडली म्हणून डोकं धरलं असं समजून मानेला पट्टा बांधणारे याच गटातले. म्हणून निमित्तांची वही ठेवावी, पण त्या वहीचा तुरुंग करू नये. एकेक पदार्थ बंद करत शेवटी वरणभातावर येणाऱ्या माणसाची अर्धशिशी जात नाही, फक्त जेवणातला आनंद जातो.

आणि एक निमित्त आपण पैसे देऊन विकत आणतो. स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडे ‘डोक्याची गोळी’ म्हटलं की गोळी मिळते. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि एर्गोटामीन, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी लागते. २०१८मध्ये केंद्राने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली तेव्हा सॅरिडॉनही त्यात सापडली होती. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांत तिच्या विक्रीला मुभा दिली. न्यायालयाचं ते न्यायालय जाणो. रोज एक घेणाऱ्याचं डोकं त्या गोळीवर जगतंय, हे त्याला कोणी तरी सांगायला हवं.

आता नैराश्य. दोन्ही आजार एकत्र असणं योगायोग नाही. वारसा काही अंशी सामाईक आहे, मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं दोन्हीकडे गुंतलेली आहेत, आणि महिन्यातले आठ-दहा दिवस अंधाऱ्या खोलीत काढणाऱ्याचं मन खचायला वेगळं कारण लागत नाही. औषधं निवडतानाही हे नातं पाहावं लागतं. आपल्याकडे अर्धशिशीसाठी सर्रास दिलं जाणारं फ्लुनॅरिझीन नैराश्य वाढवू शकतं. अ‍ॅमिट्रिप्टिलीन दोन्हीवर चालतं, पण अर्धशिशीला १० ते २५ मिलिग्रॅम पुरतं; तेवढ्याने नैराश्य हटत नाही, आणि रुग्ण समजतो की मनाचंही औषध चालू आहे. म्हणून डोक्याच्या डॉक्टरला मनाचं आणि मनाच्या डॉक्टरला डोक्याचं सांगणं हा शिष्टाचार नव्हे, गरज आहे.

पण मनाच्या डॉक्टरकडे जाणार कोण? आणि ठाण्यात? इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. शंभरहून अधिक वर्षं मुंबई-कोकणात कुणाला वेडं ठरवायचं तर ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ म्हणत आले. ज्या गावाचं नावच शिवीसारखं वापरलं गेलं, तिथला कारकून उदासीसाठी मानसोपचाराच्या पाटीखालून कसा चढेल? होमिओपॅथीच्या जिन्यावर कोणी पाहिलं तर ‘केस गळतात’ म्हणता येतं. या एका सोयीने या पद्धतीला जेवढे मनाचे रुग्ण दिले असतील तेवढे तिच्या सिद्धान्ताने दिले नसतील. याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये आयपीएच ही संस्था काढली आणि मनाच्या आरोग्याची चर्चा नाट्यगृहात, शाळेत, घराघरांत आणली. लाज कमी झाली, संपली नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ उपचारांबाहेरच सापडले.

होमिओपॅथीच्या गोळीकडे येऊ. जर्मन डॉक्टर हानेमान यांनी १८१०मध्ये ‘ऑर्गनॉन’ लिहिलं. निरोगी माणसात जे द्रव्य एखादं लक्षण उत्पन्न करतं तेच अल्प मात्रेत ते लक्षण बरं करतं, आणि औषध जितकं विरळ तितकं प्रबळ, ही त्यांची सूत्रं. मायग्रेनच्या पेटीतलं एक औषध या सूत्राची परीक्षाच घेतं. ग्लोनॉइन म्हणजे नायट्रोग्लिसरीन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात होमिओपॅथ हेरिंग यांनी ते चाखवून पाहिलं आणि त्याने डोकं जबरदस्त ठणकतं हे नोंदलं. निरीक्षण शंभर नंबरी. हृदयविकारात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट त्याच कुळातली, आणि ती घेतल्यावर डोकं का चढतं हे आपल्याकडच्या अनेक आजोबांना ठाऊक आहे. कोपनहेगनच्या ओलेसन यांच्या प्रयोगशाळेत अर्धशिशीच्या रुग्णांना हेच द्रव्य शिरेतून देऊन मुद्दाम झटका आणतात आणि अभ्यास करतात. म्हणजे पहिला अर्धा भाग सिद्ध झाला. प्रश्न दुसऱ्या अर्ध्याचा. ‘३०’ पोटन्सी म्हणजे शंभरपट विरळ करण्याची क्रिया तीस वेळा : एकावर साठ शून्यं. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा शेवटचा रेणू उरण्याची आशा संपते. पुढच्या अठरा पायऱ्या कशाच्या विरळ होतात?

रसायनशास्त्र बाजूला ठेवून रुग्णावर काय होतं ते पाहा, असं होमिओपॅथ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. तसं पाहिलंही गेलं. जर्मनीत वालाख यांनी १९९७मध्ये जुनाट डोकेदुखीच्या ९८ रुग्णांवर प्रयोग केला. होमिओपॅथना औषध निवडायची मोकळीक होती, फक्त काहींना नुसत्या गोड गोळ्या मिळत होत्या. फरक निघाला नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अर्धशिशीच्या साठेक रुग्णांवर झालेल्या प्रयोगातही गोळीची सरशी झाली नाही. १९९१चा एक इटालियन प्रयोग मात्र होमिओपॅथीला भलताच अनुकूल आला होता. इतरांना तसं यश पुन्हा मिळालं नाही. ‘आमची औषधं व्यक्तीनुसार असतात, चाचणीत बसत नाहीत’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. चाचणी व्यक्तीनुसारच होती.

नैराश्यात चित्र जरा गुंतागुंतीचं आहे. ब्राझीलमध्ये ९१ रुग्णांत होमिओपॅथी फ्लुऑक्सेटिनच्या तोडीची ठरली, पण तिसरा, गोड गोळ्यांचा गट नव्हता. नैराश्याच्या चाचण्यांत नुसत्या गोड गोळीने तिसरा हिस्सा किंवा जास्त रुग्ण सुधारतात, तेव्हा ‘तोडीची’ याला फारसा अर्थ राहत नाही. मेक्सिकोत रजोनिवृत्तीच्या सुमाराच्या १३३ बायकांवरचा प्रयोग २०१५मध्ये आला. त्यात गोड गोळ्यांचा गट होता आणि होमिओपॅथी त्याहून सरस ठरली. हा निकाल झटकून टाकू नये, पण एकट्या निकालावर उपचारपद्धती उभी राहत नाही. बर्लिनच्या प्रयोगात २२८ रुग्ण हवे होते, मिळाले ४४, आणि निष्कर्ष निघालाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यक संशोधन परिषदेने २०१५मध्ये सगळा पुरावा चाळून सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात नाही. फ्रान्सने २०२१पासून तिचे पैसे विम्यातून देणं थांबवलं. आपल्याकडे उलट : १९७३चा केंद्रीय कायदा, २०१४चं आयुष मंत्रालय, २०२०चा नवा आयोग.

तरीही बरं वाटतं. वाटतं म्हणजे खोटं नव्हे. पहिली भेट तासाभराची. झोपेत कुशी कुठली, स्वप्नं कसली, उन्हाने दुखतं की गार वाऱ्याने, रडल्यावर मोकळं वाटतं की चीड येते, सासू गेली तेव्हा तुम्ही रडलात का. नैराश्यातल्या बाईला हे सगळं आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारलेलं असतं. औषध ‘नेट्रम म्यूर’ द्यायचं की ‘इग्नेशिया’ हे ठरण्याआधीच तिला उतार पडायला लागलेला असतो. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी २०११मध्ये संधिवाताच्या ८३ रुग्णांवर हे दोन भाग मुद्दाम वेगळे केले : काहींना होमिओपॅथची बैठक, काहींना नुसतं औषध. फायदा बैठकीचा निघाला, औषधाचा नाही.

मग बैठकच देऊ या की. हे गोव्यात करून झालं आहे. संगत या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांना शिकवलं आणि तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर सहा-आठ बैठकांचा उपक्रम तपासला. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला : तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर, नेहमीच्या उपचारातले ३९ टक्के. बोलायला कोकणी-मराठी, खर्च थोडा, गोळी नाही. कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात अशी चार माणसं नेमायला कुठलं मंत्रालय लागत नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात एक ओळ लागते.

सरकारने मात्र दुसराच पूल बांधला. २०१४मध्ये राज्याने कायदा बदलून एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना आधुनिक औषधं लिहायची वाट काढली. २०२५मध्ये त्यांच्या नोंदणीवरून रण पेटलं. जुलैत नोंदणी थांबली, सप्टेंबरमध्ये पुन्हा हलली आणि डॉक्टरांनी एक दिवस संप केला. या भांडणात रुग्णाचा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि तो साधा आहे : पुडीतली पांढरी गोळी कुठल्या पॅथीची? दोन्ही पॅथींची औषधं देणाऱ्याकडे ‘होमिओपॅथीने डोकं थांबलं’ असं वाटत असताना पुडीत वेदनाशामक नाही हे कशावरून? नाव लिहून मागा. न देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

साबुदाण्याच्या गोळीने अपाय होत नाही, असं म्हणतात. गोळीने होत नसेल. वेळ जाण्याने होतो. एखाद्या हौशी सल्ल्यावरून नैराश्याचं चालू औषध एकदम बंद केलं तर चक्कर, अस्वस्थता आणि आजार उलटणं हे सगळं होऊ शकतं. बंद करायचं असेल तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरच्याच सांगण्याने, हळूहळू. अर्धशिशीवर आज खरे उपाय आहेत : झटका सुरू होताच पुरेशा मात्रेची वेदनाशामक गोळी आणि सोबत उलटीची, न भागल्यास ट्रिप्टान, महिन्यात चारहून अधिक दिवस जात असतील तर प्रोप्रॅनोलॉलसारखं रोजचं प्रतिबंधक औषध, दमा नसेल तर, आणि खर्च झेपत असेल तर सीजीआरपी अडवणारी नवी इंजेक्शनं. ज्यांना डोळ्यांपुढे रेघा दिसतात त्या बायकांनी इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरला हे सांगायलाच हवं, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो.

क्षणात कळस गाठणारी डोकेदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, तापासोबत मान आखडलेली, हात-पाय लुळे पडून किंवा जीभ अडखळून आलेली : यातलं काही असेल तर कुठल्याही पाटीखाली थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. आणि जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला किंवा घरातल्या कुणाला, तर आज रात्रीच १४४१६ लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.